न दिलेल्या दानाची पावती

२९ जून २०२३ या दिवशी मी दीड लाख रुपयांचं दान केलं. सरकारदरबारी तशी नोंद आहे. तारीख आहे, रक्कम आहे, बँकेच्या व्यवहाराचा लांबलचक आकडा आहे आणि आधारच्या ओटीपीनं मी स्वतः केलेलं सत्यापन आहे. त्या दिवशी आषाढी एकादशी होती. बकरी ईदही त्याच दिवशी आली होती, म्हणून ती तारीख पुष्कळांच्या लक्षात असेल. मी पंढरपुरात होतो. पदस्पर्शाची रांग गुडघ्यांना झेपणार नव्हती म्हणून मुखदर्शन घेतलं, पेटीत एक्कावन्न रुपये टाकले आणि शेंगदाण्याच्या लाडवावर उपास काढला. दीड लाख रुपये मी आयुष्यात कुणाला एकरकमी दिलेले नाहीत. मुलीच्या लग्नात मांडववाल्याचे पैसेही तीन हप्त्यांत फेडले.

मग हे दान कुणी केलं? माझ्या नावानं, माझ्या पॅनवर, माझ्याच संमतीनं झालेलं आणि कधीच न झालेलं हे दान गेले कित्येक महिने माझ्या डोक्यात बसून आहे. मी काही शास्त्री नाही. मंगळवेढ्याकडचा माणूस, पंचवीस वर्षं चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात उभा आहे आणि मोशीत दोन खोल्यांचं घर आहे. पण दान, देणं आणि चोरी यांच्यातल्या सीमारेषा कुठं आहेत, हा प्रश्न मला पोथीनं घातला नाही, आयकर खात्याच्या एका मेसेजनं घातला.

झालं ते असं. जुलै २०२४ मध्ये जेवणाच्या सुट्टीत आमच्या लाइनवरच्या एका पोरानं सांगितलं, “काका, एक जण आहे. फॉर्म सोळा नुसता व्हॉट्सॲप करायचा. कापलेला कर परत येतो. त्याचे दहा टक्के.” आमच्या लाइनवरच्या सहा-सात जणांनी केलं होतं आणि सगळ्यांचे पैसे आले होते. कर कापला जातो तो पगार हातात पडण्याआधीच. त्यामुळे तो आपला होता आणि गेला, असं पगारदाराला कायम वाटत राहतं. परत येतोय म्हटल्यावर कोण नको म्हणेल? मी फॉर्म पाठवला. चार दिवसांनी दुसऱ्या पाळीला निघालो होतो, बस मोशीच्या चौकात नेहमीसारखी अडकली होती, तेव्हा फोन आला. “काका, ओटीपी आलाय बघा, सांगा.” मी सहा आकडे सांगितले आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

त्या सहा आकड्यांचा अर्थ मला फार उशिरा कळला. पूर्वी बांधाच्या भांडणात साक्षीदाराला बेलभंडारा उचलायला लावत. हात थरथरायचा, कारण खोटं बोललो तर देव बघतोय, हे माहीत असायचं. ओटीपी हा आमच्या काळातला बेलभंडारा आहे. ‘वर लिहिलेलं सगळं माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे’ या वाक्याखाली तो सही म्हणून उमटतो. मी तो बसमध्ये बसून, वरचं एक अक्षर न वाचता, एका अनोळखी माणसाच्या हातावर ठेवला.

ऑगस्टमध्ये खात्यात ३१,२०० रुपये आले. दीड लाखावर वीस टक्के कर आणि त्यावरचा चार टक्के उपकर, बरोबर तेवढेच. ३,१२० त्याला गेले. थोडे घरात खर्च झाले. उरलेल्यातून मी साडेचौदा हजारांचा पखवाज घेतला. शिसवी खोड, चामडं उत्तम, नाद असा की धुमेवर थाप पडली की छातीत घुमावी. आमच्या भजनी मंडळाचा जुना पखवाज फाटून दोन वर्षं झाली होती. मी नवा पखवाज मंडळाला दिला. खोडावर पांढऱ्या रंगानं ‘सप्रेम भेट’ आणि खाली माझं नाव. पुढच्या एकादशीला नारळ फुटला, माझ्या गळ्यात हार पडला. फुकट आलेल्या पैशातून देवाचं काही झालं, याचा मला आनंदच होता.

डिसेंबर २०२५ मध्ये मेसेज आला. अमुक वर्षाच्या विवरणपत्रात राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीची वजावट दाखवली आहे, ती तपासून पाहा, चूक असेल तर दुरुस्त करा, असा एकंदर मजकूर. मला वाटलं, लुटारूंचा असेल. राजकीय पक्षाला मी आजवर मतापलीकडे काही दिलेलं नव्हतं. मुलानं पोर्टल उघडायला घेतलं तर पासवर्ड लागेना. पुढं कळलं की माझ्या खात्याला ईमेल त्या एजंटचा, मोबाइलही त्याचाच. माझ्या घराला दुसऱ्याचं कुलूप. आधारवरून ते उघडलं तेव्हा ते दीड लाखांचं दान पहिल्यांदा माझ्या नजरेला पडलं. एजंटचा फोन बंद होता.

आता आयकराचा एक नियम लक्षात घ्या. विवरणपत्र कुणीही भरून देवो, खरं-खोटं ज्याच्या नावाचं त्याच्यावर. एजंटनं फसवलं ही तक्रार वेगळी करता येते, पण कर बुडवला तो मी. आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे अर्धंच खरं. देणगी दाखवलीय, हे माहीत नव्हतं. पण सरकार असे पैसे उगाच परत करत नाही, काहीतरी खोटं घातल्याशिवाय हे होत नाही, एवढं मला त्या दिवशी बसमध्येही कळत होतं. न विचारणं हीसुद्धा एक युक्ती असते. आमच्या विभागात तिला ‘गेज न लावता पास’ म्हणतात.

मदत शोधायला निघालो आणि तिथं दुसरा धडा मिळाला. पहिला भेटला तो एका नातेवाइकाच्या ओळखीचा. म्हणाला, “साहेबांशी बसून मिटवतो. पंधरा रोख द्या.” कुठले साहेब? २०२० पासून आयकराची तपासणी चेहराविरहित झाली आहे. फाइल देशात कुठल्या टेबलावर जाईल, ते करदात्यालाही कळत नाही आणि या पंधरा हजारवाल्यालाही कळत नसणार. मंडळातल्या तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, “अरे, खातं निर्गुण झालं आणि हा त्याची मूर्ती विकतोय!” तात्या निवृत्त तलाठी. सातबारा आणि हरिपाठ दोन्ही तोंडपाठ. ते पुढं म्हणाले, “निर्गुणाशी बोलायचं तर मधे सगुण कुणीतरी लागतं. पण ते बघून घ्यावं. गुरू करताना बघतो तसं.” मग त्यांनी मोशीतल्याच एका वकीलबाईंकडे जायला सांगितलं. शिफारस एवढीच केली की, ती आधी कागद बघते, मग फी सांगते आणि फीची पावती देते.

देहू-आळंदी रस्त्याला एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली. भिंतीवर सनद लावलेली. वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी पासवर्ड मागितला नाही. मुलाला शेजारी बसवून त्यालाच सगळं उघडायला लावलं. फॉर्म सोळा, वार्षिक माहिती विवरण, भरलेलं विवरणपत्र, तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचलं. मग पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “काका, हे दान तुम्ही दिलं होतं का?”

साधा प्रश्न. मी एजंटची हकिगत सुरू केली. त्यांनी ऐकून घेतली आणि पुन्हा तेच विचारलं. मग मी लाइनवरच्या पोरांचं सांगितलं. त्यांनी तेही ऐकलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणालो, “नाही.”

“झालं,” त्या म्हणाल्या. “आता मला काम करता येईल.”

आयुष्यात मी शेकडो कीर्तनं ऐकली आहेत. आपलं पाप कबूल केल्याशिवाय गाठ सुटत नाही, हे सगळ्यांतच असतं. पण टेबलाच्या पलीकडून कुणीतरी न रागावता, न समजावता, एकच प्रश्न तीनदा विचारावा आणि खरं उत्तर बाहेर आल्यावर कागद पुढं ओढावा, हे मी त्या खोलीत पहिल्यांदा अनुभवलं. चांगली कायदेशीर मदत म्हणजे आपली बाजू खरी करून दाखवणारा माणूस, अशी माझी समजूत होती. निदान माझ्या बाबतीत ती मदत म्हणजे मला माझ्याच खोट्यापासून वेगळं काढणारा माणूस ठरली.

मग त्यांनी सोय समजावली. नुसता मेसेज आलाय, रीतसर नोटीस नाही. नोटीस आली तर तिच्यावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो पोर्टलवर पडताळून बघता येतो, ही पुढच्यासाठी खूणगाठ. नोटीस येण्याआधी माणसाला स्वतःहून सुधारता येतं. २०२२ च्या अर्थ कायद्यानं ‘अद्ययावत विवरणपत्र’ आणलं आहे. त्यानं कर कमी करता येत नाही की परतावा मागता येत नाही. चुकवलेला भरताच येतो. आकारणी वर्ष संपल्यापासून वर्षाच्या आत सुधारलं तर कर आणि व्याज यांच्यावर आणखी पंचवीस टक्के, दुसऱ्या वर्षात पन्नास. २०२५ मध्ये मुदत चार वर्षांपर्यंत वाढवली आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे साठ आणि सत्तर टक्के ठरवले. आणि खात्यानंच पकडलं, खोटी माहिती दिली असं ठरलं, तर दंड चुकवलेल्या कराच्या दुप्पट.

मला हे लगेच पटलं, कारण आमचं आयुष्य यातच गेलं. दोष मशीनवरच सापडला तर रीवर्कला पाच मिनिटं. असेंब्लीत गेल्यावर सापडला तर सगळं उघडायचं. ग्राहकाकडे पोहोचला तर अख्खी गाडी परत. उशिराची किंमत चढत जाते, हे शास्त्रकारांनाही ठाऊक असावं. प्रायश्चित्त आपणहून घेणारा आणि पकडून आणल्यावर घेणारा यांना जुन्या धर्मशास्त्रातही एका मापानं मोजत नाहीत.

निघताना मी फीचं विचारलं. आकडा माझ्या दोन दिवसांच्या पगाराएवढा होता. त्या म्हणाल्या, “हे परवडतंय ना? कधी मोठ्या खटल्याची वेळ आली आणि नाही परवडलं, तर लक्षात असू द्या. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. कलम बारा. मोफत वकील कुणाला मिळू शकतो त्याची यादी आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, तुरुंगातले. त्यात औद्योगिक कामगारही आहे. आणि बिगारीला बळी पडलेला माणूसही. पुण्यात शिवाजीनगरला जिल्ह्याचं प्राधिकरण आहे, फोन १५१००.”

बिगारी हा शब्द कानात राहिला. मंगळवेढ्याच्या माणसाच्या कानात तो राहणारच.

आमचं मंगळवेढं संतांचं गाव. एक दामाजीपंत. बहामनी राजवटीतले कारभारी, सरकारी कोठारांचे अधिकारी. दुष्काळ पडला, माणसं पटापट मरू लागली, तेव्हा दामाजीपंतांनी कोठारं उघडली आणि धान्य वाटून टाकलं. बादशहाचा हुकूम सुटला की त्यांना बेदरला बांधून आणा. आणि आख्यानात सांगतात, त्यांच्या आधी विठ्ठल स्वतः विठू महाराच्या रूपात बेदरच्या दरबारात पोहोचला, मोहरांची पिशवी ओतली, धान्याची पूर्ण किंमत भरली आणि पावती घेतली.

ही गोष्ट मी लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकली. तेव्हा आवडला तो देव धावून येण्याचा भाग. या वर्षी ती पुन्हा आठवली तेव्हा मी अडखळलो तो पावतीपाशी. देव होता तो. बादशहाला झोपेत दृष्टांत देता आला असता. कोठारं रातोरात भरता आली असती. ‘धान्य भुकेल्यांच्या पोटात गेलं, यापेक्षा मोठा हिशेब कुठला?’ असं विचारता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण कथेतला देव यांतलं काहीच करत नाही. तो रांगेत उभं राहून भरणा करतो. दान पवित्र होतं, तरी धान्य दुसऱ्याचं होतं. दानाच्या पुण्यानं देणं फिटत नाही, एवढी साधी गोष्ट त्या आख्यानानं पाचशे वर्षं सांभाळून ठेवली आहे आणि मी पन्नास वर्षं तिच्यावरून उडी मारून देवाच्या धावण्याकडेच बघत होतो.

मग माझा पखवाज आठवला. ‘सप्रेम भेट’. मी भुकेल्याला धान्य दिलं नव्हतं, वाद्य दिलं होतं. माझ्या अंगात दामाजीपंतांचं धाडस नव्हतं, फुकटाचा आनंद होता. आणि पैसे सरकारी कोठारातलेच होते. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत, सात्त्विक, राजस आणि तामस. माझी दोन दानं मी त्यात बसवून पाहिली. जे दिलं ते माझं नव्हतं, आणि जे माझं म्हणून नोंदवलं ते दिलं नव्हतं. तामस दानालासुद्धा निदान वस्तू लागते आणि ती देणाऱ्याची असावी लागते.

पण मंगळवेढ्याचा दुसरा संत इतक्या सहज सुटू देत नाही. चोखोबा. गावकुसाच्या भिंतीचं काम चाललं होतं, त्या कामावर त्यांना नेलं होतं. भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर ते ढिगाऱ्याखाली गेले. नामदेव हाडं गोळा करायला आले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून घेऊन गेले, असं परंपरा सांगते. ती हाडं पंढरीला नामदेव पायरीपाशी आहेत. भिंत आख्ख्या गावाची, तिच्या आत राहणाऱ्यांची. आणि ती बांधताना मेला तो गावाबाहेर ठेवलेला माणूस. यालाही राजाचं, गावाचं ‘देणं’च म्हणत असणार. ज्याच्याकडे द्यायला पैसा नाही त्यानं अंग द्यायचं.

तेव्हा सत्ता मागते ते सगळंच देणं असतं का? चोखोबांच्या भिंतीपाशी उभं राहून मला तसं म्हणवत नाही. देणं आणि वेठ यांत फरक काय? मी पुष्कळ विचार केला आणि मला एकच सापडला. देण्याचा हिशेब विचारता येतो, वेठीचा येत नाही. ‘कशाबद्दल, किती, कुठल्या कायद्यानं?’ असं विचारायला तोंड आहे का, आणि तोंडाशी शब्द नसतील तर आपल्या वतीनं विचारणारं कुणी आहे का? आपल्या राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कुठलाही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. कलम २३ बिगारीला मनाई करतं. ही दोन कलमं मला चोखोबांच्या समाधीवर कुणीतरी आणून ठेवलेल्या दोन विटांसारखी वाटतात. आणि झेरॉक्सच्या दुकानावरची ती खोली, तीही त्याच बांधकामातली. वकील नसेल तर कायद्यानं बसवलेला करही अडाण्याला वेठीसारखाच भासतो आणि मग तो वेठ चुकवावी तसाच कर चुकवतो.

आपल्याकडे ती सवय जुनीही आहे. इथला पहिला आयकर १८६० चा. १८५७ च्या उठावात खंक झालेली तिजोरी भरायला जेम्स विल्सन नावाच्या साहेबानं तो आणला आणि त्याच वर्षी तो कलकत्त्यात वारला. परक्यानं, आपल्यालाच चिरडण्याचा खर्च भागवायला बसवलेला कर. तो चुकवणाऱ्याला कुणी पापी म्हटलं नसतं. पुढे स्वराज्य आलं, १९६१ चा कायदा आपल्या संसदेनं केला, आता १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्यानं घेतली. कलमं बदलली, पण आपण सरकारला अजून ‘ते’ म्हणतो.

पखवाजाची गोष्ट घरात काढली तेव्हा मुलगा उसळला. “बाबा, लोक कोटींनी बुडवतात. तुमच्या एकतीस हजारांनी काय होतंय? आणि रस्ते बघा, चाकणला पोहोचायला दीड तास!” त्याचं खोटं नाही. मोशीच्या चौकात मी आयुष्याची किती वर्षं उभा राहिलो, याचा हिशेब केला तर सरकारच माझं देणं लागेल. जमिनी विकून चारमजली बंगले बांधलेल्यांची शेती कागदोपत्री अजून पिकते आणि शेतीच्या उत्पन्नाला केंद्राचा कर नाही; हे बघून माझ्याही पोटात ढवळतं. पण माझ्या टेबलावर गो-नोगो गेज असतं. एका बाजूनं गेलं आणि दुसऱ्या बाजूनं अडलं तर पार्ट पास. शेजारच्या कंपनीचा माल किती वाकडा, यावर माझा पार्ट पास होत नाही. रस्त्यासाठी भांडायचं तर भांडावं, मोर्चा काढावा, मत द्यावं. पण भांडणाऱ्याच्या खिशात ज्याच्याशी भांडतो त्याचे ३१,२०० रुपये असतील, तर आवाज आपोआप बसतो. माझा बसला होता. मेसेज आल्यापासून मी वॉर्डातल्या पाण्याच्या तक्रारीवर सही करायचंही टाळलं.

या सगळ्यात इंद्रायणीवर जाऊन बसायची सवय लागली. मोशीच्या घाटावर संध्याकाळी बसावं असं पाणी आता राहिलेलं नाही. कधी जलपर्णी, कधी पांढरा फेस, आणि वारा फिरला की कचरा डेपोचा वास. पण देहू वरच्या अंगाला, आळंदी खालच्या अंगाला आणि मधे आम्ही. तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली ही गोष्ट इथलं शेंबडं पोर सांगेल. ती खतं वाहत आली असतील तर आमच्या घाटावरूनच गेली असतील. मला आधी वाटायचं, हिशेबाला लाथ मारली की माणूस संत होतो. कागदाचं ओझं देवाला वाहून टाकायचं.

एका संध्याकाळी तात्या शेजारी बसले होते. त्यांना म्हटलं, “तुकोबांनी बरं केलं, सगळे कागद बुडवून मोकळे झाले.”

तात्यांच्यातला तलाठी जागा झाला. “सगळे कुठं? आधी वाटणी केली. निम्मे कान्होबाला दिले. भाऊ म्हणाला, मला संसार आहे. तुकोबांनी त्याचा हिस्सा मोजून त्याच्या हातात ठेवला, मग आपला बुडवला. आणि बुडवला तो काय? लोकांकडून यायचं होतं ते. लोकांचं द्यायचं होतं ते नव्हे.”

एवढं बोलून ते तंबाखू मळायला लागले. मी मात्र तिथंच राहिलो. येणं बुडवणारा संत आणि देणं बुडवणारा मी, नदी तीच. आणि मधली ती वाटणी! वैराग्याच्या ऐन भरात, हातात कागदांचा गठ्ठा आणि समोर वाहतं पाणी असताना, तो माणूस थांबून दुसऱ्याचा हिस्सा वेगळा काढतो. भावाचा संसार चालायचा आहे, हे तो विसरत नाही. माझ्या पगारातून जो कर कापला जातो तो कान्होबाचा गठ्ठा आहे. त्यातला ठरलेला वाटा केंद्र राज्यांना देतं. कुठं शाळा, कुठं रेशन, कुठं सीमेवरचा जवान, आणि हो, कुठं खाबूगिरीही. भाऊ उधळ्या असेल तर त्याला चार शब्द सुनवावेत. पण त्याचा हिस्सा नदीत टाकण्याचा अधिकार त्यामुळे मिळत नाही, आणि त्याच्या हिश्शातून देवाला पखवाज वाहण्याचा तर नाहीच.

जानेवारीत अद्ययावत विवरणपत्र भरलं. मूळ कर, वरचे पंचवीस टक्के आणि व्याजाचा भाग धरून चाळीस हजारांच्या वर. पतपेढीतली ठेव मोडली. या वेळी ओटीपी आला तेव्हा वकीलबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, “आधी वाचा.” मी चष्मा लावून सगळं वाचलं. देणगीच्या रकान्यात शून्य होतं. मग आकडे मीच दाबले. लाइनवरच्या पोरांना सांगितलं. दोघं जण वकीलबाईंकडे जाऊन आले, बाकीचे म्हणाले, बघू. मी जास्त बोललो नाही. ज्यानं हार घालून घेतलाय त्यानं कीर्तन करू नये.

मंडळात मात्र सांगावंच लागलं, कारण नाव खोडावर होतं. एकादशीला भजन सुरू व्हायच्या आधी मी उभा राहिलो आणि होतं तसं सांगितलं. दीड लाख, एकतीस हजार, साडेचौदा हजार. म्हणालो, हा पखवाज मी परत नेतो, मंडळानं वर्गणी काढून दुसरा घ्यावा. कुणी काही बोललं नाही. बायका एकमेकींकडे बघत होत्या. टाळ हातात तसेच होते.

तात्यांनी विचारलं, “कर भरला का पुरा?”

“भरला.”

“पावती आहे?”

मी मोबाइल पुढं केला. त्यांनी चष्मा वर करून चलन वाचलं, सातबारा वाचावा तसं, वरपासून खालपर्यंत. मग मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “म्हणजे पखवाज आज तुझा झाला. इतके दिवस नव्हता. आता द्यायचा तर दे.”

नाव मी नंतर पॉलिश कागदानं घासून काढलं. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या रात्री कुणीतरी आतून कणीक मळून आणली, मी ती धुमेवर थापली, आणि वाजवणाऱ्याकडे पखवाज सरकवला.